वर्ग न सोडणारे नेतृत्व
नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील अनुभवी विज्ञानशिक्षकांविषयी

सहावी, सातवी आणि आठवी ही तीन वर्षे मुलाच्या बुद्धीच्या जडणघडणीत निर्णायक असतात. लोखंड का गंजते, चंद्र कलेकलेने का घटतो, भिजवलेल्या मटकीलाच मोड का येतात, या प्रश्नांकडे मूल तोवर नुसत्या नवलाने पाहत आलेले असते. ते आता कारण शोधू पाहते, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर शोधणारा कोणी भेटला नाही, तर ते नवल व्याख्यांच्या पाठांतराखाली दबून जाते. हे शोधणे जागते ठेवण्याचे काम आपल्या समाजाने उच्च प्राथमिक शाळेतील विज्ञानशिक्षकाकडे सोपवले आहे. नांदेडच्या 16 आणि लातूरच्या 10 तालुक्यांत, माहूर-किनवटच्या डोंगराळ मुलखापासून निलंगा-देवणीच्या सीमेपर्यंत, वीस-पंचवीस वर्षे हे काम निष्ठेने करीत आलेले शिक्षक व शिक्षिका आहेत. कोणत्या प्रयोगात मुले कोठे अडतात, कोणता प्रश्न विचारला म्हणजे वर्ग एकाएकी विचारात पडतो, कोणते उदाहरण दिसायला सोपे पण गैरसमज वाढवणारे असते, याचे सूक्ष्म ज्ञान त्यांच्यापाशी साठलेले असते. परंतु हे ज्ञान दुसऱ्याच्या हाती देण्याची कोणतीही नियत व्यवस्था आपण उभारलेली नाही. सेवापूर्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ देऊन गावाने सत्कार केला, चार भाषणे झाली, की त्या माणसाबरोबर त्याची सारी विद्या शाळेच्या फाटकाबाहेर जाते आणि त्याच्या जागी येणारा तरुण शिक्षक पहिल्या पायरीपासून पुन्हा आरंभ करतो.

अनुभवी शिक्षकाने नेतृत्व करावे, तरुण सहकाऱ्यांचा मार्गदर्शक व्हावे, ही अपेक्षा आज सर्वत्र उच्चारली जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आणि मार्गदर्शनासाठी एक राष्ट्रीय अभियानही सुचवले. अपेक्षा योग्यच आहे. परंतु ती कोणत्या मार्गाने पुरी व्हावयाची, हा प्रश्न शेवटी गावातल्या शाळेच्या वेळापत्रकात, केंद्राच्या बैठकीत आणि जिल्हा परिषदेच्या दप्तरात सुटायचा असतो. म्हणून या लेखात तो नांदेड-लातूरच्या भूमीवरच तपासून पाहावयाचा आहे.

शिक्षकांनी घडवलेला मुलूख

मराठवाड्याचा अर्वाचीन इतिहास ज्यांनी घडवला त्यांत शिक्षकांचे स्थान फार मोठे आहे. निजामाच्या राजवटीत नाझिम-ए-तालीमातच्या अखत्यारीतील शिक्षण प्राथमिक पायरीच्या पुढे उर्दू माध्यमातून चाले. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रापर्यंतचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयत्न केला आणि त्यासाठी तर्जुम्याचे स्वतंत्र खाते उभारले. भारतीय भाषेतून विज्ञान शिकवता येते हे दाखवून देणारा तो प्रयोग महत्त्वाचा होता यात संशय नाही; परंतु ज्यांच्या घरात मराठी, तेलुगू वा कन्नड बोलली जाई अशा खेड्यातील मुलांना ते ज्ञान दूरचेच राहिले. या स्थितीत स्वदेशी व स्वभाषेच्या आग्रहाने निघालेल्या शाळा हीच लोकजागृतीची ठाणी झाली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईस शिक्षकी करणारे स्वामी रामानंद तीर्थ हेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी झाले, आणि त्या लढ्यातील कित्येक कार्यकर्ते त्यांच्याच विद्यार्थ्यांतून निघाले. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाल्यावर नांदेडमध्ये 1950 साली पीपल्स कॉलेज उभे राहिले. आणि त्याच नगरात प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक म्हणून ज्यांनी प्रारंभ केला ते नरहर कुरुंदकर पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि अवघ्या महाराष्ट्राचे विचारवंत झाले. त्यांचा दरबार वर्गात भरे तसा घराच्या ओसरीवर आणि रस्त्याच्या कडेलाही भरे, आणि अनेक तरुण शिक्षक त्या संगतीतच घडले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, शिक्षकाने शिक्षक राहूनच आपल्या सहकाऱ्यांना व समाजाला पुढे न्यावे ही कल्पना या मुलखाला परकी नाही. तिची स्मृती येथे जिवंत आहे; तिला आजच्या शाळाव्यवस्थेत जागा करून देणे एवढेच राहिले आहे.

त्याच इतिहासाने आणखी एक ठेवा मागे ठेवला आहे. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मुख्यतः खाजगी संस्थांनी वाढवले. मराठवाड्यात मात्र सरकारी हायस्कुलांचा वारसा जिल्हा परिषदांकडे आला, आणि म्हणून नांदेड-लातूरच्या अनेक मोठ्या गावांत आजही जिल्हा परिषदेची प्रशाला आहे. तिच्यात प्रयोगशाळेची खोली असते, काचेची कपाटे असतात, माध्यमिक वर्गांना शिकवणारे विज्ञानाचे शिक्षक असतात. पंचक्रोशीतील उच्च प्राथमिक शाळा मात्र त्या खोलीपासून चार-पाच कोसांवर असूनही तिचा उंबरठा सहसा ओलांडत नाहीत. कोठारी आयोगाने 1966 साली सादर केलेल्या अहवालात शाळासंकुलाची कल्पना मांडली होती. हायस्कूल आणि त्याच्या भोवतालच्या प्राथमिक शाळांनी साधने, ग्रंथ आणि शिक्षकांचे ज्ञान एकमेकांत वाटून घ्यावे, असे तिचे स्वरूप होते. ती कल्पना जेथे सर्वांत सहज रुजली असती तो प्रदेश मराठवाडाच होता.

लातूरचे यश आणि त्याचा आरंभबिंदू

लातूरचे नाव निघाले की महाराष्ट्रातील पालकांच्या मनात एकच शब्द उभा राहतो, तो म्हणजे ‘लातूर पॅटर्न’. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांनी बारावीच्या गुणवत्ता याद्यांत व पुढे वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या प्रवेशांत जे यश मिळवले, त्याने अवर्षणग्रस्त समजल्या जाणाऱ्या जिल्ह्याला आत्मविश्वास दिला. या यशाचा उल्लेख बहुधा सराव परीक्षांच्या संख्येसंबंधाने होतो. परंतु शिक्षकांनी एकत्र बसून अभ्यासक्रमाचे नियोजन करावे, उत्तरपत्रिका तपासून चुका कोठे होतात हे पाहावे आणि त्यानुसार पुढचे अध्यापन बदलावे, ही सामुदायिक शिस्त त्याच्या मुळाशी होती, आणि तोच त्याचा अनुकरणीय भाग होय. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे 1994 साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, ही गोष्टही या दोन शहरांच्या शैक्षणिक नात्याची साक्ष देणारी आहे.

तथापि या पॅटर्नचा आरंभ दहावीनंतर होतो. जो मुलगा वा मुलगी सातवीत असताना थर्मामीटर वाचावयास शिकली नाही, जिने भिंगातून वळणारा प्रकाशझोत कधी पाहिला नाही, तिला अकरावीत प्रवेश मिळाला तरी तिचे विज्ञान सूत्रांच्या पाठांतरावर उभे राहते. ज्या सामुदायिक शिस्तीने बारावीचे निकाल बदलले, तीच शिस्त सहावी ते आठवीच्या शिक्षकांना का लाभू नये? पालक शिकवणीवर पैसा खर्च करतात तो नववी-दहावीपासून. शासनाचे लक्ष अलीकडे पायाभूत वाचन-गणनावर, म्हणजे पहिली ते तिसरीवर एकवटले आहे. मधल्या तीन वर्षांकडे दोन्ही बाजूंची दृष्टी पुरेशी वळत नाही, आणि विज्ञानाची गोडी लागते वा उडते ती तेथेच.

शिडी आहे, पण ती वर्गाबाहेर जाते

1994 हे वर्ष या प्रदेशाच्या शिक्षणेतिहासात विशेष होय. विद्यापीठ त्याच वर्षी आले. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचा महाराष्ट्रातील पहिला टप्पा त्याच सुमारास सुरू झाला, आणि त्यासाठी निवडलेले पाचही जिल्हे मराठवाड्यातलेच होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद व लातूर. शाळांचे गट पाडून प्रत्येक गटावर केंद्रप्रमुख नेमण्याची पद्धतीही त्याच वर्षी राज्यभर अमलात आली. तालुक्याला गटसाधन केंद्र, काही शाळा मिळून एक केंद्र, केंद्रात दरमहा शिक्षण परिषद, जिल्ह्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (लातूर जिल्ह्याची मुरुडला) अशी सगळी रचना कागदावर सुसंगत होती. शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे, हाच तिचा मूळ हेतू होता.

तीस वर्षांनंतर या रचनेचे जे झाले ते कोणत्याही केंद्रप्रमुखाच्या दिनक्रमावरून कळते. शाळाभेटीसाठी निघालेल्या केंद्रप्रमुखाच्या भ्रमणध्वनीवर सकाळपासून ‘माहिती तातडीने सादर करावी’ असे संदेश येत असतात. पटसंख्या, पोषण आहार, आधार पडताळणी, बांधकाम, निवडणुकीची कामे, यांची कोष्टके भरता भरता शाळेत पोचल्यावर वर्गात मागे बसून एक पाठ पूर्ण पाहण्यास अवकाश उरत नाही. शेरेपुस्तकात ‘अध्यापन समाधानकारक’ असा शेरा लिहिला जातो आणि भेट संपते. गटसाधन केंद्रातील विषयतज्ज्ञ करार तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे काम करतात. त्यांच्याकडून स्थैर्याची अपेक्षा करताना त्यांना स्थैर्य देण्याचे आपण विसरतो. दोष व्यक्तींचा नाही. मार्गदर्शनासाठी निर्माण केलेल्या पदावर प्रशासनाचे ओझे थरावर थर चढत गेले, आणि खालचा हेतू दिसेनासा झाला.

शिक्षकाच्या स्वतःच्या वाटचालीचेही असेच आहे. 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर, अटी पूर्ण करणाऱ्यांस, निवडश्रेणी मिळते. दोन्हींसाठी प्रशिक्षण पुरे केल्याचा दाखला लागतो. म्हणजे अनुभवाला आर्थिक मान्यता आहे. परंतु त्या मान्यतेबरोबर कोणतेही नवे शैक्षणिक कार्य येत नाही. बारा वर्षे विज्ञान शिकवलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी नेमके तेच करतो, तेवढ्याच एकाकीपणे. ज्याला पुढे जावयाचे आहे त्याच्यापुढे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी अशी शिडी आहे. पण तिच्या प्रत्येक पायरीबरोबर तो फळ्यापासून आणि प्रयोगाच्या टेबलापासून दूर जातो. उत्तम शिक्षकाला बढती द्यावयाची तर त्याचे शिकवणे थांबवावे लागते, ही आपल्या व्यवस्थेची सर्वांत महाग पडणारी रीत आहे.

सिंगापूरने 2001 साली शिक्षकांसाठी तीन स्वतंत्र मार्ग आखले. एक शाळाप्रशासनाचा, एक तज्ज्ञाचा आणि एक अध्यापनाचा. त्यांतील अध्यापनाच्या मार्गावर वरिष्ठ शिक्षकापासून श्रेष्ठ मार्गदर्शक शिक्षकापर्यंत चढता येते आणि तरीही वर्ग सुटत नाही. जपानमध्ये शाळाशाळांतील शिक्षक एकत्र येऊन एक पाठ बारकाईने रचतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत टिपणे घेतात आणि नंतर सर्वजण पाठाची चर्चा करतात. ही पद्धती तेथे अनेक पिढ्या चालत आली आहे. हे देश आपल्याहून संपन्न आहेत हे खरे. परंतु चार शिक्षकांनी एका वर्गात मागे बसून टिपणे घेण्यास फारशा द्रव्याची आवश्यकता नसते. आवश्यकता असते ती अधिकृत वेळेची.

चुन्याच्या निवळीचा पाठ

अनुभवी शिक्षकाला असे काय ठाऊक असते जे पुस्तकात नसते? एखाद्या वाडीवरच्या शाळेतील सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. पाठ श्वसनाचा आहे. तरुण शिक्षकाने पानटपरीवरून चुना आणून आदल्या रात्री पाण्यात कालवून ठेवला आहे, सकाळी वरची निवळी अलगद ओतून घेतली आहे, आणि एका मुलाला पुढे बोलावून नळीने तिच्यात फुंकावयास सांगितले आहे. निवळी दुधाळ होते. शिक्षक समाधानाने सांगतो, ‘म्हणजे आपण कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो,’ आणि फळ्यावर निष्कर्ष लिहितो. मुले तो वहीत उतरवतात. पाठ यशस्वी झाला असे वाटते.

मागे बसलेल्या वडीलधाऱ्या शिक्षिकेला मात्र तीन गोष्टी दिसतात. फुंकणाऱ्या मुलाने एकदा चुकून नळी ओढली असती तर निवळी तोंडात गेली असती. म्हणून ‘ओढायचे नाही, फुंकायचे’ हे आधी साध्या पाण्यावर करून घ्यावयास हवे होते. दुसरे असे की, नळीतून कोणतीही हवा सोडली तरी निवळी दुधाळ होते की काय, ही शंका वर्गात कोणी काढली नाही आणि शिक्षकाने ती काढू दिली नाही. सायकलच्या पंपाने दुसऱ्या भांड्यात साधी हवा तितकाच वेळ सोडली असती तर निवळी स्वच्छ राहिली असती, आणि मग श्वासातल्या सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइडची व साध्या हवेतल्या सुमारे 0.04 टक्क्यांची तुलना मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असती. तिसरे असे की, एका उत्साही मुलाने फार वेळ फुंकल्यावर दुधाळपणा पुन्हा कमी होऊ लागला तेव्हा शिक्षक गोंधळला आणि त्याने ते भांडे बाजूला ठेवले. वस्तुतः जास्त कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट विरघळणाऱ्या बायकार्बोनेटात बदलते, आणि पाठातील सर्वांत सुंदर क्षण तोच होता.

आता मार्गदर्शनाची खरी परीक्षा येते. मधल्या सुट्टीत ही शिक्षिका तिन्ही चुका एका दमात सांगू शकते. तसे केले तर तरुण शिक्षक पुढच्या वेळी कोणी मागे बसले असताना प्रयोगच करणार नाही. ती फक्त विचारते, ‘सर, कोणी म्हणालं असतं की नुसत्या हवेनंही असंच होतं, तर तुम्ही काय केलं असतं?’ तो विचार करतो. पंपाची कल्पना त्याची त्यालाच सुचते, किंवा थोड्या मदतीने सुचते. पुढच्या आठवड्यात तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर घेताना तो दोन भांडी मांडतो. दुधाळपणा नाहीसा होण्याची गोष्ट त्यानंतर कधीतरी निघते, बहुधा त्यानेच काढलेली. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी 1986 साली मांडले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे तंत्र यांच्या मधोमध एक तिसरेच ज्ञान असते, ते म्हणजे हा विषय या वयाच्या मुलांना कसा समजतो व कसा समजत नाही याचे ज्ञान. वरच्या प्रसंगातील शिक्षिकेजवळ आहे ते हेच. आणि ते दुसऱ्यामध्ये उतरवण्यासाठी तिला आणखी एक कला शिकावी लागली आहे, ती म्हणजे योग्य वेळी न बोलण्याची. चांगला शिक्षक आपोआप चांगला मार्गदर्शक होत नाही. पाहावे कसे, टिपावे काय, प्रश्न कोणता विचारावा, हे त्यालाही शिकवावे लागते, आणि आजच्या प्रशिक्षणांतून हाच भाग जवळजवळ अनुपस्थित असतो. राज्यस्तरावर काही सुलभक तयार करावेत, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला तेच सादरीकरण द्यावे, या पद्धतीत शेवटच्या शिक्षकापर्यंत पोचताना विषयाचा गाभा हरवतो आणि चित्रफिती तेवढ्या उरतात.

होशंगाबादने दाखवलेली वाट

या प्रश्नाचे सर्वांत मोठे भारतीय उत्तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सापडते. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्याकडील सहावी ते आठवीच्या वर्गांत, किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या संमतीने विज्ञान शिकवण्याचा एक निराळा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी टोळ्यांनी बसून प्रयोग करावेत, निरीक्षणे नोंदवावीत आणि निष्कर्षांवर वाद घालावा, हा त्याचा आधार होता; ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके त्यातून निर्माण झाली. 1978 साली तो सर्व जिल्ह्यात पसरला, 1982 साली एकलव्य ही संस्था त्यातून उभी राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून भूमितीची व विज्ञानाची खेळणी घडवण्याची अरविंद गुप्ता यांची कल्पना त्याच परिसरात जन्मली, आणि पुढे पुण्याच्या आयुकातील विज्ञानकेंद्रातून ती महाराष्ट्रभर पोचली.

या कार्यक्रमाचा आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्याच्या मासिक बैठकांमुळे. संगम केंद्रावर जवळपासच्या शाळांतील विज्ञानशिक्षक महिन्यातून एकदा जमत, झालेल्या प्रकरणांतील अडचणी मांडत, पुढचे प्रयोग स्वतः करून पाहत. आणि ज्यांनी काही वर्षे ही पद्धती वर्गात राबवली ते शिक्षकच पुढे नव्यांचे स्रोतशिक्षक झाले. पुस्तकांच्या सुधारणेत त्यांचे अनुभव विचारात घेतले गेले, प्रशिक्षणवर्गांत ते वैज्ञानिकांच्या बरोबरीने उभे राहिले, आणि तरीही त्यांचे सातवीचे वर्ग चालूच होते. 2002 साली शासनाने तो कार्यक्रम बंद केला. बंद होण्याची कारणे राजकीय-प्रशासकीय होती. परंतु तीस वर्षांत त्या शिक्षकांनी जे सिद्ध केले ते रद्द करण्याचा अधिकार कोणत्याही फर्मानाला नाही. महाराष्ट्रातही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरीच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांच्या विज्ञानशिक्षकांबरोबर काम केले, आणि केंद्राचे संस्थापक वि. गो. कुलकर्णी यांनी पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा अडसर दूर केला की वंचित घरांतील मुलांचे विज्ञानाचे आकलन कसे सुधारते याकडे लक्ष वेधले.

सीमेवरची भाषा आणि भूमीची प्रयोगशाळा

भाषेचा हा मुद्दा नांदेड-लातूरइतका इतरत्र क्वचितच तीव्र असेल. देगलूर, बिलोली, धर्माबाद येथे घरात तेलुगू, उदगीर-देवणी-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी, किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात गोंडी व कोलामी, आणि शहरांतून उर्दू. ‘बाष्पीभवन’ आणि ‘संघनन’ हे शब्द मराठी घरातील मुलालाही नवे असतात. तांड्यावरच्या मुलाला तर ते दोनदा परके होतात. ओले लुगडे वाळत घालताना पाणी कोठे जाते आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम कसा फुटतो, हे त्याच्या बोलीत बोलून मग पुस्तकी संज्ञेकडे येणारा शिक्षक त्या प्रदेशात वीस वर्षे राहिलेला असतो. नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला हे ज्ञान कोणत्याही दृक्‌श्राव्य प्रशिक्षणातून मिळणार नाही. ते शेजारच्या शाळेतील वडीलधाऱ्याकडूनच मिळेल.

भूमीचेही तसेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे गेली, आणि दख्खनचे प्राचीन खडकाळ पठार भूकंपापासून सुरक्षित आहे ही समजूत एका पहाटेत कोसळली. आज सातवी-आठवीत बसलेल्या मुलांच्या आजी-आजोबांनी ती रात्र भोगलेली आहे. त्यांच्या मुलाखती घेऊन, दगडमातीच्या जाड भिंती का पडल्या याचा शोध घेऊन भूकंपाचा पाठ शिकवणे औसा तालुक्यात शक्य आहे, तितके मुंबईत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होते. हा आकडा फळ्यावर लिहून माणशी किती लिटर, किती माणसांना किती दिवस, असे गणित मांडले की पाण्याच्या प्रकरणाला वेगळाच अर्थ येतो. काळ्या रेगूर मातीत आणि मुरमात पाणी किती वेगाने झिरपते हे दोन कापलेल्या बाटल्या आणि घड्याळ एवढ्यावर मोजता येते. किनवट तालुक्यात उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत; भूगर्भातल्या उष्णतेचा पाठ त्यांच्या काठावर बसून घेता येईल. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य या दोन्ही जिल्ह्यांच्या थेट डोक्यावरून जातो आणि मध्यान्हीला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस सुट्टीत पडतो, दुसऱ्याला ढग असतात. म्हणून आदल्या-नंतरच्या दिवसांच्या सावल्या मोजून अनुमान बांधण्याची युक्ती अनुभवी शिक्षकाला योजावी लागते. अशा स्थानिक युक्त्यांचा संग्रह कोठेही लिहिलेला नाही. तो प्रत्येक शिक्षकाच्या स्मृतीत विखुरलेला आहे.

काय करावे

उपायांसाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीच्या प्रशिक्षणाला एक वर्षाच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाची जोड द्यावी. ज्या विज्ञानशिक्षकास ही श्रेणी हवी त्याने परिसरातील दोन-तीन तरुण शिक्षकांचे वर्ग पाहावेत, त्यांना आपला वर्ग दाखवावा, आणि एकत्र केलेल्या पाठांची नोंद ठेवावी. दाखला त्या नोंदीवर मिळावा. या कामासाठी त्याच्या वेळापत्रकात आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा करून द्यावा, कारण फावल्या वेळात करावयाचे मार्गदर्शन कधीच होत नाही. मासिक शिक्षण परिषदेत वाचल्या जाणाऱ्या सूचना टपालाने पाठवाव्यात आणि बैठकीचा वेळ विज्ञान, गणित, भाषा अशा विषयगटांना द्यावा. विज्ञानगटाने जिल्हा परिषद प्रशालेच्या प्रयोगशाळेत बसावे, हाताने प्रयोग करावेत. शिक्षिकांना या कामात मागे राहावे लागू नये म्हणून बैठका शाळेच्या वेळेत आणि एसटीने पोचता येईल अशा गावी असाव्यात. बदल्यांच्या धोरणात मार्गदर्शक व त्याचे सहकारी यांना निदान तीन वर्षे एकाच परिसरात राहू द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाकडे कोणाचा गोपनीय अहवाल लिहिण्याचा अधिकार असू नये. ज्याच्या हाती शेरा आहे त्याच्यापुढे कोणी आपली अडचण उघड करीत नाही.

मुरुड आणि नांदेड येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आणि विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र व विज्ञान विभागांनी या मार्गदर्शकांच्या नोंदी गोळा करून दर वर्षी एक प्रयोगवही छापावी, जिच्यात कोणत्या गावच्या वर्गात कोणता प्रयोग कोठे फसला आणि कसा जमला हे शिक्षकांच्याच शब्दांत असेल. निवृत्त झालेल्या विज्ञानशिक्षकांनी आपल्या वह्या, साधने आणि आठवणी या कामाला द्याव्यात. लातूर-नांदेडच्या ज्या संस्था दहावी-बारावीच्या निकालांचा अभिमान बाळगतात त्यांनी आपल्या प्रयोगशाळांचे दार महिन्यातून एक शनिवार भोवतालच्या उच्च प्राथमिक शाळांसाठी उघडावे. आणि पालकांनी शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसल्यावर इमारत व आहार यांच्याबरोबर हाही प्रश्न विचारावा की आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षकाचा वर्ग या वर्षी दुसऱ्या कोणत्या शिक्षकाने पाहिला, आणि आमच्या शिक्षकाने कोणाचा पाहिला. हा प्रश्न पुरेशा गावांतून विचारला गेला, तर अनुभवी शिक्षकाला नेता करण्याचे काम शासननिर्णयाची वाट न पाहता सुरू होईल.